अंगठा, सही आणि ‘मंजूर, मंजूर’

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचे मांडव पडतात. कारखाना, दूध संघ, बँका, सोसायट्या, सगळ्यांना ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची असते. सभासदाला आधीच छापील अहवाल आलेला असतो. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकाचे शेरे, पोटनियम दुरुस्ती, सगळं त्यात असतं. व्यासपीठावरून आवाज येतो, ‘विषय क्रमांक एक...’ पुढच्या रांगा ओरडतात, ‘मंजूर!’ मागून कुणीतरी, ‘नामंजूर!’ ‘विषय क्रमांक दोन...’ ‘मंजूर, मंजूर!’ विषय वाचून व्हायच्या आत तो मंजूर झालेला असतो. मी एकदा घड्याळ लावून बघितलं. बारा विषय, अठरा मिनिटं. त्या मांडवात निरक्षर माणूस शोधून सापडला नसता. पदवीधर होते, निवृत्त शिक्षक होते, दोन-तीन वकील तर माझ्याच ओळखीचे होते. अहवाल बहुतेकांच्या बुडाखाली होता, कारण खुर्च्यांवर धूळ होती.

हे आठवलं ते गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. निवडणुकीचे दिवस होते. कॉलेजात शिकवणारा माझा एक मित्र मोबाईलवर एका उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडून बसला होता. ‘बघ लेका, शिक्षण, इयत्ता सातवी! आणि हा आपल्यासाठी कायदे करणार.’ सगळे हसले. मीही हसलो. मग विचारलं, ‘त्याच्या आधीची पानं बघितलीस काय?’ बघितली नव्हती. त्या नमुन्यात शिक्षणाचा रकाना जवळजवळ शेवटी येतो. त्याच्या आधी खटले असतात, जमीनजुमला असतो, कर्जं असतात, सरकारी थकबाकी असते. ते सगळं अंगठ्यानं सरकवत मित्र थेट शेवटाला पोचला होता. मित्र पीएच.डी. आहे.

हा कागद मतदाराच्या हातात सुखासुखी आलेला नाही. उमेदवाराची पार्श्वभूमी कळणं हा मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २ मे २००२ रोजी सांगितलं. संसदेनं लगेच कायदा करून त्यातलं बरंच काही झाकायचा प्रयत्न केला, आणि मार्च २००३ मध्ये न्यायालयानं तो प्रयत्नही मोडून काढला. तेव्हापासून शिक्षण लिहावं लागतं, आणि खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मणिपूरच्या एका आमदारानं एमबीए असल्याचं लिहिलं होतं, ते खोटं निघालं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची निवड रद्दच ठरवली. दिल्लीचे एक मंत्री जितेंद्रसिंह तोमर यांना २०१५ च्या जूनमध्ये बनावट पदवीच्या आरोपाखाली अटक झाली. खातं कोणतं, तर कायदा. पदवी कशाची, तर कायद्याचीच. असल्या माणसाला खुर्चीवरून खाली ओढलं तर माझी काही तक्रार नाही. पण जो सातवी शिकला आणि सातवीच लिहितो, त्याला हसायचं कशाला? निदान त्या एका रकान्यात तरी तो खरं बोललेला आहे.

‘शिकलेला नाही, त्याला काय कळणार’ हा सूर कोल्हापूरला नवा नाही. तेली-तांबोळी-कुणबटांनी कौन्सिलात जाऊन काय नांगर हाकायचाय, हे टिळकांचं अथणीच्या सभेतलं बोलणं शंभर वर्षं उलटून गेली तरी इथं कुणी विसरलेलं नाही. त्याच काळात इथल्या गादीवर जो राजा बसला होता, त्यानं या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी हात घातला. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. आधी शिकून या, मग बघू, असं म्हटलं नाही. आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. तिसरी गोष्ट कमी सांगितली जाते. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. गावचं दप्तर पिढ्यान्पिढ्या एकाच घराच्या ताब्यात होतं, आणि ज्याला ते वाचता येत नव्हतं तो त्या घरापुढं कायम वाकलेला. लिहिता-वाचता येणं म्हणजे नुसतं ज्ञान नसतं, ती सत्ता असते, हे महाराजांना कुठल्याही समाजशास्त्रज्ञाच्या आधी कळलं होतं.

माणगावच्या परिषदेत मार्च १९२० मध्ये ज्या तरुणाला त्यांनी पुढारी म्हणून जाहीर केलं, त्यानं नऊ वर्षांनी हाच मुद्दा लेखी मांडला. सायमन कमिशनच्या निमित्तानं दिलेल्या १९२९ च्या स्वतंत्र अहवालात डॉ. आंबेडकरांनी साक्षरतेच्या अटीवर प्रौढ मताधिकार अडवणाऱ्यांच्या दोन चुका दाखवल्या. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन, ही पहिली. साक्षर म्हणजे आपोआप जास्त समजदार, ही दुसरी. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस हे लिहीत होता. शिक्षणाची किंमत त्याला कळत नव्हती असं म्हणायची सोय नाही.

ते मतदारांबद्दल झालं, निवडून जाणाऱ्यांचं काय, असा प्रश्न रास्त आहे. राजेंद्रप्रसादांना तो सलत होता. घटना समितीतल्या २६ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी दोन खंती बोलून दाखवल्या, त्यांतली एक हीच: कायदा राबवणाऱ्याला भरपूर पात्रता लागते, आणि कायदा करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडं काहीच लागत नाही. पण त्याच भाषणात ते पुढं म्हणाले की कायदा करणाऱ्याला बुद्धी हवीच, त्याहून जास्त हवा तोल आणि चारित्र्य, आणि ते मोजायचं माप अजून कुणाला सापडलेलं नाही. लोक पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं सोडून देतात.

माप सापडलं असं मात्र अधूनमधून कुणाला तरी वाटतं. राजस्थाननं २०१४ च्या डिसेंबरात वटहुकूम काढून सरपंचाला आठवी पासची अट घातली; पुढच्या सरकारनं २०१९ मध्ये ती काढली. हरयाणानं २०१५ मध्ये खुल्या गटातल्या पुरुषांना दहावीची अट लावली, बायकांना आणि दलितांना थोडी खाली आणली, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती उचलूनही धरली. बरं-वाईट ओळखायची शक्ती शिक्षणानं येते, असा त्या निकालाचा आशय होता. मला तो वाचताना आमच्या वार्षिक सभेचा मांडव दिसत होता. आपल्याकडंही सरपंचाची थेट निवड आली तेव्हा, १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेला असेल तर किमान सातवी पास, अशी अट आली. गंमत बघा. ज्या सभागृहानं सरपंचाला सातवीची अट घातली, त्याच्या स्वतःच्या सदस्याला आजही शिक्षणाची काहीच अट नाही. गावातल्या बाईनं सातवीचा दाखला दाखवायचा, आणि आमदारानं फक्त वयाचा.

वसंतदादांचं उदाहरण इथं सगळेच देतात, म्हणून थोडक्यात. दादांची शाळा फार झाली नव्हती. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून पळताना त्यांनी गोळी खाल्ली, पुढं कारखाना उभा केला, चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडून दिलं. त्या दारातून शेतकऱ्यांची हजारो पोरं इंजिनिअर झाली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ती आजही दिसतील. त्याच दारातून शिक्षणसम्राटही आत आले, आणि त्यांच्याच पंगतीतला कुणीतरी आज प्रचारसभेत समोरच्याला ‘अडाणी’ म्हणतो. मद्रासचे मुख्यमंत्री कामराज अकरा-बाराव्या वर्षीच शाळा सोडलेले; त्यांनी गावोगाव शाळा काढल्या आणि पोरांना दुपारचं जेवण दिलं.

मोठ्या माणसांची नावं घेऊन वाद जिंकता येतो, पण खरी गोष्ट कुठं अडते ते मला माझ्या आत्तीकडून कळलं.

महिलांना राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात आत्ती बिनविरोध सदस्य झाली, म्हणजे घरच्यांनी केली. शाळा दुसरीपर्यंत. सही करायची ती एकेक अक्षर कोरून, शिरोरेघ सगळ्यात शेवटी. सह्या करायच्या आणि चहा पिऊन यायचं, एवढंच तिला सांगितलं होतं. पहिल्याच सभेत ग्रामसेवकांनी प्रोसिडिंग बुक तिच्यापुढं सरकवलं.

‘भाऊसाहेब, काय लिवलंय त्ये वाचा की.’

‘नेहमीचंच आहे, काकी.’

‘मग नेहमीचंच वाचा.’

त्यांनी वाचलं. ठरावात एक होता पाइपलाइनचा: मारुतीच्या देवळापासून तळ्यापर्यंत चारशे मीटर, काम पूर्ण, बिल अदा करण्यास मंजुरी. आत्तीनं विचारलं, चारशे मीटर म्हंजे पावलं किती? कुणी हसलं, कुणी काहीतरी आकडा सांगितला. ती म्हणाली, ‘मी रोज त्याच वाटंनं धुण्याला जाते. उद्या मोजते, परवा सही करते.’ दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावर धुणं घेऊन ती वाट तिनं पावलांनी मोजली, आणि पावलं निम्म्याहून थोडी जास्त भरली. बिल थांबलं, पुन्हा मोजमाप झालं, ठेकेदारानं महिनाभर आमच्या घरावरून जाणं बंद केलं. त्या सभेत तिच्याशिवाय आठ सदस्य होते. सगळ्यांना वाचता येत होतं. सगळ्यांच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. पुढच्या वेळी आरक्षण फिरलं आणि आत्तीचा विषय संपला.

ही गोष्ट सांगितली की लोक खूश होऊन म्हणतात, बघा, अडाणी माणसंच खरी शहाणी. मला तसं अजिबात म्हणायचं नाही. अडाणीपणात शहाणपण कसलं? आत्तीला आयुष्यभर वाचता येत नसल्याची खंत होती. एसटीची पाटी दुसऱ्याला विचारावी लागते, औषधाच्या बाटलीवरचं दुसऱ्यानं सांगावं लागतं, आणि सांगणारा खोटं बोलला तर कळत नाही, हे ती बोलून दाखवायची. तिची कमाई वेगळी होती. आपल्याला येत नाही हे तिला ठाऊक होतं, त्यामुळं कागद पूर्ण ऐकल्याशिवाय त्याखाली आपलं नाव येऊ द्यायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. ज्याला येतं, त्याला तो वाचल्याचा भास होतो. मी माझ्याबद्दलच सांगतो. मी एम.ए. आहे. घराच्या कर्जाच्या कागदांवर मी चाळीस-पन्नास ठिकाणी सह्या केल्या, फुल्या मारलेल्या जागी, उभ्या उभ्या. एक ओळ वाचली नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती टाळून हा विषय पुढं जात नाही. छत्तीसगडच्या बस्तर भागातले कवासी लखमा २०१८ मध्ये मंत्री झाले. त्यांना वाचता येत नसल्यानं राज्यपालांनी शपथ वाचली आणि त्यांनी मागून म्हटली. तेव्हा देशभर टिंगल झाली. मला त्यात टिंगल करण्यासारखं काही दिसलं नव्हतं. आदिवासी भागातून लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलेला माणूस, शपथ तोंडी घेतली तर काय बिघडलं? पण पुढं त्यांच्याच आबकारी खात्यातला दारू घोटाळा गाजला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना ईडीनं अटक केली. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, ते न्यायालय बघेल. मला खटकलं ते त्याआधी त्यांनी पत्रकारांना सांगितलेलं: मी निरक्षर आहे, अधिकारी जिथं म्हणाले तिथं सही केली. इथं माझी सहानुभूती संपते. दुसरी शिकलेली माझी आत्ती ‘वाचा’ म्हणू शकत होती, तर ज्याच्या हाताखाली अख्खं खातं आहे तो का म्हणू शकत नव्हता? विश्वासातला एक वाचणारा माणूस जवळ ठेवायला पदवी लागत नाही.

आणि हेच वाक्य शिकलेला माणूसही म्हणतो. तो ‘मी निरक्षर आहे’ असं म्हणत नाही, ‘प्रशासनानं तसं टिपण ठेवलं होतं’ असं म्हणतो. अर्थ तोच.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. शहरातल्या रस्त्यांचा बीओटीचा, म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीचा करार आठवा. सुमारे दोनशेवीस कोटींचं काम, आणि बदल्यात ३० वर्षं टोल. शहराबाहेरच्या हमरस्त्यावर टोल लोकांनी बघितला होता. भाजी आणायला जाताना टोल ही कल्पनाच इथं कुणाच्या डोक्यात बसेना. नाके उभे राहिले तेव्हा लोक रस्त्यावर आले. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील उन्हात मोर्चापुढं चालले, गोविंद पानसरे चालले. तालमी आल्या, पेठा आल्या, बायका आल्या. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली तेव्हा पानसरे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. या आंदोलनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला आठवतं ते हे, की त्या काळात रिक्षा स्टॉपवरच्या माणसाला करारातल्या अटी पाठ झाल्या होत्या. गटर कुठं धरलंय, पदपथ कुठं वगळलाय, युटिलिटी शिफ्टिंग कुणी करायचं, हे लोक चहाच्या टपरीवर एकमेकांना समजावून सांगत होते. हा कागद रस्त्यावर असा वाचला गेला, पण टोलचे नाके उभे राहिल्यानंतर. सभागृहात तो आधी आला होता. त्यातल्या किती जणांनी तो शेवटपर्यंत वाचला होता, हा प्रश्न मी अनेक माजी नगरसेवकांना विचारला आहे. उत्तरादाखल मला दर वेळी छान चहा मिळाला.

‘ऐनवेळचे विषय’ हा शब्द ज्यानं कधी सभागृहाच्या गॅलरीत बसून ऐकलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. विषयपत्रिकेवर नसलेलं, आधी कुणी न बघितलेलं, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह तयार होऊन आलेलं काहीतरी शेवटच्या पाच मिनिटांत येतं आणि एकमतानं जातं. त्या वेळी सदस्य सातवी आहे की एमबीए, यानं काडीचाही फरक पडत नाही.

मग शिकलेल्यांच्याच हाती कारभार द्या, असं म्हणणाऱ्यांचा प्रयोगही होऊन गेलाय. नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूर महापालिकेची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकांकडं, म्हणजे देशातली सगळ्यात अवघड परीक्षा पास झालेल्या अधिकाऱ्यांकडं. त्यांतल्या काहींनी चांगली कामंही केली असतील. पण बोळातली गटर तुंबली की कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं, हे लोकांना समजेना. शिव्या खायला जवळचा माणूस असणं ही लोकशाहीतली मोठी सोय असते, तो कितवी शिकलाय हा नंतरचा भाग.

दिल्लीतल्या पदव्यांच्या भांडणाबद्दल दोनच वाक्यं. पंतप्रधानांची पदवी खरी की खोटी यावर वर्षानुवर्षं खल चालू आहे, ‘चौथी पास राजा’च्या गोष्टी विधानसभेत सांगून झाल्या, दुसऱ्या बाजूनं ‘पप्पू’ म्हणून झालं, गुजरात उच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये केजरीवालांना २५,००० रुपयांचा दंडही केला. पदवीची माहिती मागायचा हक्क नागरिकाला असावा असं मला वाटतं, पण ती मिळाली तरी नोटाबंदी शहाणपणाची होती की नव्हती, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसणार.

आमच्या महसूल खात्यात एक जुनी चांगली पद्धत आहे, चावडी वाचन. तलाठी गावात बसून सातबाराचे उतारे मोठ्यानं वाचतो, ज्याची चूक असेल तो उभा राहून सांगतो. निरक्षरालाही आपल्या जमिनीवर कुणाचं नाव चढलंय ते कानानं कळतं. मग तेच महापालिकेच्या अंदाजपत्रकाचं का नको? ठेक्यांच्या अटींचं, कारखान्याच्या ताळेबंदाचं, पोटनियम दुरुस्तीचं का नको? ठराव पूर्ण मोठ्यानं वाचल्याशिवाय मताला टाकता येणार नाही, आणि ज्यानं हात वर केला त्याला ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव पुढं कुठंही चालणार नाही, एवढे दोन नियम केले तर शिक्षणाच्या अटीची मला तरी गरज वाटत नाही. ज्याला वाचता येत नाही तो ऐकेल. ज्याला वाचता येतं, त्यालाही निदान ऐकावं लागेल.

हे मी एका संचालकांना बोलून दाखवलं. भले गृहस्थ, कृषी पदवीधर, तिसऱ्यांदा निवडून आलेले. ते म्हणाले, ‘अहो, असं सगळं वाचत बसलो तर सभा रात्रीपर्यंत चालंल.’

चालू दे की. आपली गणपतीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही.